सुटला, पण पत्ता कुठला लिहायचा?

उंबरठा

उभी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत गेली. काउंटरपुढच्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असायचा: पत्त्याचा पुरावा आणलाय का? नसेल तर पुढचे या. निवृत्तीनंतर ठाणे जिल्ह्यातल्या एका लहानशा गटात काम करतो. तुरुंगातून सुटलेल्या आणि जायला घर नसलेल्या माणसांना पहिले काही महिने सोबत करायची, एवढंच आमचं काम. आता तो प्रश्न लोक मला विचारतात. गटाचं नाव देत नाही आणि माणसांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदललेत.

तुरुंग म्हटलं की शिक्षा झालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालात देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा खटला अजून संपलेला नाही. त्यांत गरीब किती, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. मुलाखतीच्या रांगेत तासभर उभं राहिलं की कळतं.

ज्याच्यामुळे हा धागा काढतोय तो लहानपणी दुष्काळात बापाबरोबर मराठवाड्यातून मुंबईकडे आला. बाप गेला, हा उड्डाणपुलाखाली वाढला. लग्नसराईत केटररकडे ताटं उचलायची, उरलेलं वर्ष भंगार वेचायचं. मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात सापडला. चोरी केली होती का? मी विचारलेलं नाही, ते कोर्ट ठरवेल. जामीन मंजूर झाला पंधरा हजारांचा. पण जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा मिळकतीचे कागद असलेला माणूस. पुलाखाली असा माणूस कुठून आणायचा? जामीन झालेला असूनही तो आतच राहिला. शेवटी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी अर्ज करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्याच लेखी हमीवर, सोडवला.

सुटतानाचंही ऐका. कोर्टाचा आदेश तुरुंगाच्या जामीनपेटीत वेळेत पडला तर त्याच दिवशी सुटका, नाहीतर दुसऱ्या दिवशी. मग नाव पुकारणं, अंगावरच्या खुणा जुळवणं, सह्या. यात संध्याकाळ होते. बाहेर येतो तेव्हा हातात एक पिशवी, अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे. फोन होता तो मुद्देमालात जमा. नंबर पाठ नाहीत. आणि पुढची तारीख ज्या कागदावर लिहिलेली असते तो कागद पहिल्याच पावसात किंवा पहिल्याच झोपेत जातो.

माझं मत असं झालंय की माणूस पुन्हा आत जातो तो नवा गुन्हा करून कमी आणि तारीख चुकवून जास्त. तारखेला गैरहजर, की अजामीनपात्र वॉरंट. वॉरंट निघालंय हेही त्याला कळत नाही, कारण समन्स पाठवायला पत्ताच नाही. पुढच्या खेपेला संशयावरून उचललं की जुनं वॉरंट निघतं, आणि आता जामीन द्यायला कोर्टही कचरतं. पुलाखालचे मित्र वाईट नसतात बरं का. पहिल्या रात्री जेवायला तेच देतात. पण एखादी चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा त्याच पुलाखाली थांबते.

म्हणून आम्ही मोठमोठ्या गोष्टी करत नाही. प्रत्येकाच्या खटल्याचा सीएनआर नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख बघतो, आदल्या दिवशी त्याला गाठतो आणि तारखेला कुणीतरी बरोबर जातो. आधारसाठी निवारा केंद्राच्या अधीक्षकांचं प्रमाणपत्र चालतं, तेवढा एक फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतो. खातं उघडतो. व्यसन असेल तर सरकारी दवाखान्यात घेऊन जातो. बाकी चहा.

आता प्रश्न. हा मुलगा निवारा केंद्रातून बाहेर पडायच्या बेतात आहे. केटररकडे बाराही महिने काम मिळालंय. डोंबिवलीजवळ एका चाळीत खोली बघितली, भाडं त्याला झेपतंय. मालक विचारतात, "आधी कुठे राहत होता?" काय सांगायचं? किती सांगायचं? इथल्या घरमालकांचं, भाडेकरूंचं, सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत हवंय. गोड बोलू नका, खरं सांगा.

कोकणी फणस

वाखूसा (वाचनखूण साठवली). आकडे वाचून गप्प झालो. जामीन मंजूर होऊनही आत, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

शंकासुर

खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितो, नंतर रडू नका.

माझ्या आईचं मंगळसूत्र सकाळी फिरायला गेली असताना खेचलं. मानेला ओरखडा, आणि गेली कित्येक वर्षं ती एकटी बाहेर पडत नाही. तिच्यासाठी कुठला गट आहे? तारखेला तिच्याबरोबर कोण गेलं? मीच, रजा टाकून. आरोपीला सरकारी खर्चाने वकील होता.

आणि मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मालकाने भाडेकरू ठेवला आणि उद्या काही झालं तर पोलिस आधी माझ्याकडे येणार. मालकाला सगळं माहीत असण्याचा हक्क आहे. लपवून खोली घेऊन दिलीत तर ती फसवणूक. तुम्ही बँकवाले, केवायसी तुम्हीच शिकवलंत आम्हाला.

मुचलका

वकिली करतो, फौजदारीच. कायद्याचं थोडं.

१९७८ सालचा मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निवाडा आहे. गवंडीकाम करणारा माणूस. सर्वोच्च न्यायालयाने जामिनावर सोडायला सांगितलं, खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्या. कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच सांगितलंय की गरिबाकडून अशी रक्कम मागणं म्हणजे जामीन नाकारणंच, आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नाकारता येत नाही. पुढच्या वर्षी हुसैनारा खातून हा निवाडा, वर्षानुवर्षं आत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दलचा. निवाड्याला साडेचार दशकं उलटली, पण काही कोर्टांत 'लोकल शुअरिटी' हे शब्द आजही रोज ऐकतो.

आता हातात काय आहे? जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून जातमुचलक्यावर सोडायचं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आलं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा विचार व्हायलाच हवा, इतरांसाठी निम्मा काळ. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर अडतं. पुलाखालच्या मुलावर सहसा एकापेक्षा जास्तच असतात, ही गोम.

जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, प्राधिकरणाने स्वयंसेवक किंवा वकील पाठवायचा. त्याच वर्षी केंद्राची योजना आली: गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा भोगून दंडापायी अडकलेल्यासाठी २५ हजारांपर्यंत. योजना चांगली आहे. फक्त तिच्यासाठी अर्ज कर म्हणून त्याला सांगणारं कुणीतरी लागतं.

शंकासुर, तुमच्या आईंना सरकारी वकील होता, तो त्यांच्याच बाजूचा. त्याने त्यांच्याशी धड दोन शब्द बोललेले नसणार, हे मात्र मान्य.

उंबरठा

शंकासुर, आईंचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्यासाठी गट हवाच. पण त्याला पुलाखाली ठेवून आईंना फिरायला जाता येणार आहे का? दोन हिशेब एकाच पानावर मांडले की दोन्हीही जुळत नाहीत.

लपवायचं नाही हे आमचंही ठरलेलं आहे. अडचण वेगळी आहे. पूर्ण खरं सांगितलं की खोली मिळत नाही, आणि खोली मिळाली नाही की तुम्हाला ज्याची भीती वाटते तेच व्हायची शक्यता वाढते. यातून वाट कुठे आहे, तेवढंच विचारतोय.

पोळीभाजीवाली

पिंपरीला माझं पोळीभाजी केंद्र आहे. भांडी घासायला आणि डबे पोचवायला माणूस टिकत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. एका ओळखीच्या ताईंनी सुटून आलेला मुलगा पाठवला, मी घेतला. समाजसेवा म्हणून नाही, गॅसवर कढई होती आणि घासायला हात नव्हता म्हणून.

पहिला मुलगा दिवाळीची उचल घेऊन गेला तो गेलाच. दुसरा आजही आहे. मधल्या काळात मी काय शिकले ते लिहिते. पगार महिन्याचा नको, आठवड्याचा द्या. महिनाभर पैशाची वाट बघायची सवय तुटलेली असते आणि महिन्याच्या शेवटी एकदम हातात आलेले पैसे कुठेतरी वाहून जातात. बाकीच्या कामगारांना आपणहून काही सांगू नका, पण कुणी थेट विचारलं तर खोटंही बोलू नका. आमच्या मावशींनी विचारलं, मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "माझा भाऊबी जाऊन आलाय." संपला विषय.

तारखेची सुट्टी पगारी देते. सुरुवातीला मला ते जड वाटलं. मग हिशेब केला, नवा माणूस शोधण्यात माझा आठवडा जातो, त्याची तारीख महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येते.

आणि त्याला उगाच बसवून उपदेश करणाऱ्यांना मी दुकानात येऊ देत नाही. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, डबा घ्यायला यायचं आणि रोज त्याला 'आता नीट वाग हं' सांगायचं. त्यांचा डबा बंद केला.

कोकणी फणस

डबा बंद केला हे फार आवडलं.

सान होजेकर

आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला डीलन्सी स्ट्रीट फाउंडेशन आहे, १९७१ पासूनचं. तुरुंगातून, रस्त्यावरून, व्यसनातून आलेली माणसं तिथे किमान दोन वर्षं राहतात. घरसामान हलवायची कंपनी चालवतात, हॉटेल चालवलं. जुने नव्यांना शिकवतात. आमचं घर बदललं तेव्हा सामान त्यांनीच हलवलं, एक कप फुटला नाही. शिवाय कॅलिफोर्नियात २०१८ पासून कायदा आहे की पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाने नोकरी देऊ करण्याआधी गुन्ह्याची चौकशी करायची नाही. फॉर्मवर तो चौकोनच ठेवायचा नाही. आपल्याकडे असं काही का होत नाही?

पोळीभाजीवाली

आमच्याकडे फॉर्मच नसतो हो.

मुचलका

फॉर्म नसतो, पण चारित्र्य पडताळणी असते. सुरक्षारक्षक, शाळेची बस, मोठ्या कंपनीत कंत्राटी कामगार, सगळीकडे पोलिसांचा दाखला लागतो आणि त्यात प्रलंबित खटलाही येतो. निर्दोष सुटेपर्यंत पाचसात वर्षं जातात, तोवर नोकरीचं वय निघून जातं. त्यामुळे ही मुलं केटरिंग, लाँड्री, भंगार, बांधकाम यांतच अडकतात. पोळीभाजीवालींचं कौतुक आहेच, पण प्रत्येकाने भांडीच का घासायची हाही प्रश्न आहे.

सोलापुरी सुका भेळ

थोडं अवांतर वाटेल, पण नाही.

बेघर असणं हाच गुन्हा असू शकतो हे किती जणांना माहीत आहे? आपल्या राज्याचाच कायदा आहे, १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं म्हणणं, कसरत करणं, भविष्य सांगणं येतं. शिवाय उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणं, तेही येतं. वॉरंटशिवाय उचलता येतं. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, वारंवार सापडला तर मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या यातल्या बहुतेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. जिथे कायदा जन्मला तिथे तो अजून आहे.

मी सोलापूरचा. आमच्या गावात 'सेटलमेंट' ही वस्ती आहे, तिचा इतिहास सगळ्यांना माहीत असावा. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ हजेरी. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा गेला, म्हणून 'विमुक्त'. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पारध्यांचं कुटुंब मुंबईत सिग्नलजवळ उतरलं की आजही आधी हजेरी लागते. तुरुंगाच्या आत जातीवरून कामं वाटली जात होती आणि विमुक्त जमातींच्या माणसांना नियमावलीतच 'सवयीचे गुन्हेगार' मानलं जात होतं. हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर रद्द केलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

तर उंबरठाजी, तुमच्या मुलाचं आडनाव काय हा प्रश्न चाळमालक मनात विचारणारच. तोंडाने नाही विचारणार.

उंबरठा

विचारलं, तोंडानेच. पण ते जाऊ द्या.

बँकवाल्याची एक गंमत सांगतो. राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. आत शिक्षा भोगणाऱ्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही. फेड त्याच्या आतल्या मजुरीतून. घरची लग्नं, वकिलाची फी, मुलांची शाळा यासाठी. फार चांगली योजना. पण बघा, आत असताना त्याला बँक जामीनदाराशिवाय कर्ज देते, कारण तो कुठे सापडेल हे पक्कं ठाऊक असतं. बाहेर आला की साधं बचत खातं उघडायला चार चकरा.

बंद खिडकी

बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. महिला कारागृहात शिवण शिकवायला जायचे.

पुरुष आत गेला की बायको डबा घेऊन तारखेला येते, आई येते, बहीण येते. बाई आत गेली की कुणी येत नाही. नवरा पहिल्या महिन्यात येतो, मग थांबतो. सुटल्यावर सासरी घेत नाहीत, माहेरी भावाची बायको 'मुलींची लग्नं व्हायची आहेत' म्हणते. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईबरोबर आत राहू शकतं, २००६ च्या आर. डी. उपाध्याय निवाड्यात त्याचे नियम घालून दिलेत. सहानंतर मूल नातेवाइकांकडे नाहीतर संस्थेत. बाई सुटते तेव्हा तिला खोली आधी आणि मूल नंतर असं करता येत नाही, कारण खोली नाही म्हणून बालकल्याण समिती मूल देत नाही, आणि मुलाशिवाय एकट्या बाईला चाळीत कुणी खोली देत नाही.

आमच्या ओळखीतल्या एकीला शेवटी तिच्याच बरॅकमधल्या, आधी सुटलेल्या दुसरीने घरात घेतलं. दोघी मिळून शिवणकाम करतात. मुलगी आता त्यांच्याजवळ आहे. सरकारी कागदावर त्या 'आतेबहिणी' आहेत. असू देत.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या स्त्री-पुरुषांबरोबर काम करतोय, आणि 'कोशिश' २००६ पासून बेघर आणि भिक्षेकरी गृहातल्या लोकांबरोबर. विदर्भात अमरावतीची 'वऱ्हाड' संस्था कैद्यांच्या कुटुंबांसाठी आहे. इथे कुणाला गरज असेल तर शोधा.

पाटीपेन्सिल

नवीन सदस्य आहे. बरेच दिवस नुसता वाचत होतो. मोबाइलवरून लिहितोय, चुका पोटात घाला.

मी पक्का कैदी होतो. शिक्षा भोगून सुटलो. कशासाठी ते लिहीत नाही, गुन्हा माझ्या हातून झाला होता एवढं लिहितो. आत मुक्त विद्यापीठाचं बी.ए. केलं. पदवी झाली की ९० दिवस माफी मिळते म्हणून सुरू केलं, पण वाचायची गोडी लागली ती लागली.

सुटलो तेव्हा वडील वारले होते. जमिनीच्या उताऱ्यावर माझं नाव होतं, पण चुलत्यांनी सांगितलं की गावात राहू नको, समोरच्यांची पोरं मोठी झालीत. त्यांचंही खरं होतं. तालुक्याच्या एसटी स्टँडवर झोपायला लागलो. बरॅकमध्ये रात्रभर दिवा चालू असतो, स्टँडवरही असतो, त्यामुळे झोप लागायची. अंधारात झोपायला मला नंतर कितीतरी दिवस लागले. संध्याकाळी बंदीची वेळ झाली की छातीत धडधडायचं, आत जायला उशीर झाला असं वाटायचं. चहावाल्याला दहाची नोट दिली तर म्हणाला, सुट्टे नाहीत, स्कॅन करा. मला स्कॅन म्हणजे दवाखान्यातला माहीत.

मला काय उपयोगी पडलं ते सांगतो. स्टँडसमोर एका गणपती मंडळाचा मांडव पडत होता. मी नुसता बांबू धरायला उभा राहिलो. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पण गेलो. रात्री मूर्तीची राखण करायला माणूस हवा होता, मी म्हणालो झोपतो मी. अध्यक्षांना तोवर कळलं होतं मी कोण ते, तालुक्याचं गाव, कळायला किती वेळ. तरी त्यांनी मला वर्गणीचं पावतीपुस्तक दिलं आणि एका पोराबरोबर बाजारपेठेत पाठवलं. पैसे माझ्या हातात. संध्याकाळी हिशेब दिला, त्यांनी मोजलासुद्धा. न मोजता ठेवला असता तर मला वाटलं असतं नाटक करतायत. सगळ्यांचा मोजतात तसा माझाही मोजला.

त्या अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आज मी तिथेच आहे. वरच्या माळ्यावर राहतो. आधार कार्डावर दुकानाचाच पत्ता आहे.

शंकासुर दादा, तुमच्या आईंबद्दल वाचलं. माझ्यामुळे पण एका घरातलं माणूस गेलं. त्यावर मी इथे काही लिहू शकत नाही. पण उंबरठा काकांनी विचारलंय किती सांगायचं, तर माझ्या मते मालकाला एकदाच, तुम्ही स्वतः बरोबर जाऊन, सगळं सांगा. मुलाला सांगायला लावू नका. आम्ही सांगायला लागलो की एकतर रडतो नाहीतर भांडतो.

पोळीभाजीवाली

पाटीपेन्सिल, मोजला म्हणून बरं वाटलं हे वाचून थांबले. मी दुसऱ्या मुलाचा गल्ला मुद्दाम मोजत नव्हते, त्याला बरं वाटावं म्हणून. उद्यापासून मोजणार.

कोकणी फणस

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), पाटीपेन्सिल. लिहीत राहा. वेगळा धागा काढा.

शंकासुर

पाटीपेन्सिल, तुम्ही सरळ लिहिलंत, मीही सरळ लिहितो. माझं मत बदललेलं नाही. माझ्या इमारतीत खोली द्यायची वेळ आली तर मी आजही कचरेन. पण तुम्ही म्हणताय तसा एखादा जबाबदार माणूस समोर येऊन बसला, सगळं सांगितलं आणि 'काही झालं तर मला फोन करा' म्हणाला, तर मी निदान मीटिंगमध्ये विषय ठेवीन. आत्तापर्यंत असं कुणी आलेलंच नाही. एजंट येतो आणि 'फॅमिली आहे, साधी माणसं आहेत' सांगतो, मग कळतं बॅचलर आहेत.

उंबरठा, करार कुणाच्या नावावर करताय? अनामत कोण भरतंय? मालकाला खरा रस त्यात असतो.

उंबरठा

बरोबर बोललात. अनामत गटातून उसनी, तो दरमहा थोडी थोडी फेडणार, वहीत लिहून. कराराबद्दल आमच्यात दोन मतं होती. काहींचं म्हणणं, करार आमच्यापैकी कुणाच्या नावावर करू आणि तो राहील. मी विरोध केला. मग पत्त्याचा पुरावा पुन्हा आमचाच झाला, त्याचा कुठे? करार त्याच्याच नावावर, नोंदणी करून, आणि साक्षीदार म्हणून माझी सही. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात आम्ही स्वतः नेऊन देणार. तिथले हवालदार त्याला ओळखतातच, निदान या वेळी तो स्वतःहून गेलेला दिसेल.

उद्या मालकांकडे जातोय. पाटीपेन्सिल म्हणतात तसं, बोलणार मी.

मतदार यादीचंही करून टाकणार आहे. पुष्कळांचा समज असतो की तुरुंगात जाऊन आलं की मत गेलं. तसं नाही. आत असताना देता येत नाही, बाहेर आल्यावर येतं. बेघर माणसालासुद्धा कागदाशिवाय नाव नोंदवता येतं. तो सांगतो त्या जागी तो खरंच झोपतो का हे बघायला निवडणूक अधिकारी रात्री फेरी मारतो, असा नियम आहे. आमच्या निवारा केंद्रातल्या काहींची नावं अशीच आली. कार्ड हातात आल्यावर त्यातल्या एकाने ते लॅमिनेट करून घेतलं आणि आधी स्टेशनवरच्या पोलिसाला नेऊन दाखवलं.

सोलापुरी सुका भेळ

पोलिसाने काय केलं?

उंबरठा

फोटो चांगला आलाय म्हणाला.

कोकणी फणस

मी रत्नागिरीत असतो. इथे असा गट नाही, निदान मला माहीत नाही. एकट्या माणसाला काही करता येतं का? पैसे देण्यापलीकडे. आणि मुचलका, रत्नागिरीच्या माणसाला कल्याणच्या खटल्यात जामीनदार राहता येतं का?

मुचलका

दुसऱ्याचं उत्तर आधी. येतं. मोती राम निवाड्याची प्रत बरोबर ठेवा, कोर्टात कुणी हरकत घेतली तर वकिलाच्या हातात द्या. पण ज्याला ओळखत नाही त्याला भावनेच्या भरात जामीन राहू नका. तो पळाला तर रक्कम तुम्हाला भरावी लागते. आधी दोनचार तारखांना बरोबर जा, मग ठरवा. कोर्टाबाहेर पैसे घेऊन, खोट्या रेशनकार्डावर जामीन राहणारे असतात, त्यांच्यामुळे खऱ्या जामीनदाराकडेही संशयाने बघतात. तेव्हा कागद मूळ न्या.

पहिल्याचं उत्तर: प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, रत्नागिरीतही आहे. तिथे विधी स्वयंसेवक नेमतात, वकील असायची गरज नाही. शिक्षक, निवृत्त लोक, विद्यार्थी, कुणीही अर्ज करू शकतं. थोडं प्रशिक्षण देतात. जमलं तर तुरुंगाच्या विधी सहाय्य केंद्रात काम मागून घ्या. जामीन मंजूर होऊन आत राहिलेल्यांची नावं तिथे कळतात. टोल फ्री नंबर १५१०० आहे, पण तुम्ही प्रत्यक्षच जा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, सकाळी तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो.